जुन्या इंजिनाची दोरी अडकते? रिकॉइल उघडण्याआधी आणि उघडताना

चार महिने गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून असलेलं इंजिन दसऱ्यानंतर बाहेर निघतं. दोरी ओढावी तर ती अर्ध्यात अडकते, नाहीतर पूर्ण बाहेर येऊन कुत्र्याच्या जिभेसारखी लोंबकळत राहते. श्रीराम होंडाचा जुना पोर्टेबल जनरेटर असो, बिर्ला यामाहाचा असो, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा पाण्याचा पंप असो की पाठीवरचा फवारणी पंप, दोरीच्या स्टार्टरची, म्हणजे रिकॉइलची, आतली रचना थोड्याफार फरकाने एकच. एकदा समजली की पुढच्या वेळी अर्ध्या तासाचं काम.

बहुतेक जण पहिल्याच झटक्यात स्प्रिंग बाहेर काढतात, आणि तिथेच काम बिघडतं. अडकणाऱ्या दहा दोऱ्यांपैकी बऱ्याचशा दोऱ्यांची स्प्रिंग शाबूत असते. दोष असतो कचऱ्यात, वाळलेल्या ग्रीसमध्ये, वाकड्या बसलेल्या कव्हरमध्ये किंवा चुकीच्या जाडीच्या दोरीत. म्हणून खालचा क्रम मोडू नका. स्प्रिंगपर्यंत पोचायची वेळ अनेकदा येतच नाही.

आत काय असतं ते आधी डोळ्यासमोर आणा. फ्लायव्हीलवरच्या (इंजिनाच्या जड फिरत्या चाकावरच्या) पत्र्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये एक रीळ असतं, त्यावर दोरी गुंडाळलेली. रिळाखाली घड्याळातल्यासारखी चपट्या पट्टीची स्प्रिंग असते. तिचं बाहेरचं टोक कव्हरला आणि आतलं टोक रिळाला अडकवलेलं. रिळाच्या तोंडाशी एक किंवा दोन छोटे दात असतात, त्यांना पॉल म्हणतात. दोरी ओढली की पॉल बाहेर फाकतात, फ्लायव्हीलवरच्या वाटीत अडकतात आणि इंजिन फिरवतात. इंजिन पकडलं की वाटी पुढे पळते, पॉल आत मिटतात आणि स्प्रिंग दोरी परत ओढून घेते.

लागणारं सामान

८ आणि १० मिमीचे बॉक्स पाने, प्लगपाना, मोठा-छोटा स्क्रू ड्रायव्हर, लांब चोचीची पक्कड, रीळ धरून ठेवायला एक सी क्लॅम्प किंवा व्हाइस ग्रिप. वायर ब्रश, जुना टूथब्रश, बारीक एमरी पेपर, गोल कानस. रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर डिझेल चालतं. थिनर नको, प्लॅस्टिकचं रीळ मऊ पडून तडकतं. पेट्रोलने भाग धुण्याची सवय असेल तर निदान या कामात सोडा, कारण पुढे गॅसची ज्योत लागण्याची शक्यता आहे.

चामड्याचे किंवा जाड कापडी हातमोजे आणि डोळ्याला गॉगल. ही स्प्रिंग सुटली की चाबकासारखी उलगडते आणि तिच्या पट्टीला ब्लेडसारखी धार असते. उन्हाचा काळा चष्मा चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, बाजूने उघडा राहतो.

मार्कर, मोबाइल (प्रत्येक टप्प्यावर फोटो काढायला) आणि एक जुनं ताट. बारीक स्क्रू आणि पॉलच्या केसाएवढ्या स्प्रिंगा शेणानं सारवलेल्या अंगणात पडल्या तर सापडत नाहीत.

१. दोष दोरीचा की इंजिनाचा?

पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लगची कॅप काढा आणि प्लगही काढून ठेवा. आता दोरी हळूच ओढा.

दोरी लोण्यासारखी आली, तर स्टार्टर निर्दोष आहे. दोष कॉम्प्रेशनचा, किंवा सिलिंडरमध्ये पेट्रोल वा ऑइल साचल्याचा. प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली तर तेच. म्हणून ओढताना भोकावर तोंड नेऊ नका. कार्ब्युरेटरची सुई गळत असली आणि कॉक रात्रभर उघडा राहिला की असं होतं. इंजिन आडवं करून ठेवलं असेल तर ऑइल वर चढतं. सिलिंडर भरलेला असताना दम लावून दोरी ओढली तर आधी दोरी तुटेल, आणि तुमचं नशीब खराब असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

प्लग काढूनही दोरी जडच येत असेल, तर कव्हर उतरवून फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. तेही जड असेल तर इंजिन आतून जाम आहे, किंवा इग्निशन कॉइलचे स्क्रू सैल होऊन कॉइल फ्लायव्हीलला घासते आहे. फ्लायव्हीलच्या चुंबकावर चकाकणारे ओरखडे दिसतात. चुंबक आणि कॉइल यांच्यात व्हिजिटिंग कार्ड ठेवून, कॉइल चिकटू द्या, स्क्रू आवळा, कार्ड काढा. बऱ्याच छोट्या इंजिनांना तेवढी फट पुरते.

दोरी ओढताना हातातून उलट हिसका बसत असेल तर तो स्टार्टरचा दोष नाही. फ्लायव्हीलला शाफ्टवर जागेवर धरणारी चावी अर्धी कापली गेली की ठिणगीचं टायमिंग सरकतं आणि इंजिन उलटा फटका देतं. ती चावी बदलेपर्यंत नवी दोरी घालणं म्हणजे पैसे वाया.

फ्लायव्हील मोकळं फिरतंय आणि हातातल्या कव्हरची दोरी अडकतेय, तरच पुढे वाचा.

२. दोरीचं वागणं बघा

उघडण्याआधी कव्हर हातात धरून पाच-सहा वेळा दोरी ओढा आणि सोडा. हँडल हातात ठेवूनच, मोकळं सोडू नका.

दोरी छान बाहेर येते पण शेवटची वीतभर आत जात नाही: ताण कमी आहे, किंवा कोणीतरी गरजेपेक्षा लांब दोरी घातली आहे.

मधेच एका ठराविक जागी अडकते: रिळाच्या काठावरून दोरी घसरून रीळ आणि कव्हर यांच्यात रुतली आहे. दोरी जाड किंवा फुगलेली असते.

संथपणे, आळसावल्यासारखी आत जाते: वाळलेलं ग्रीस, गाळ, गंज.

दोरी मोकळी येते-जाते पण इंजिन फिरत नाही: पॉल चिकटलेत, किंवा मधला स्क्रू सैल झालाय.

इंजिन सुरू झाल्यावर कव्हरमधून करकर येते: पॉल आत मिटत नाहीत, किंवा कव्हर केंद्रात बसलेलं नाही.

दोरी बाहेर आली आणि आत जायचं नावच घेत नाही, ओढताना ताणही जाणवत नाही: स्प्रिंगचं एखादं टोक निसटलंय किंवा टोकाचा वाकवलेला आकडा तुटलाय. स्प्रिंग बाहेर काढणं भाग आहे ते बहुधा इथेच.

३. न उघडता सफाई

या इंजिनांचा पंखा थंड हवा नेमकी स्टार्टरच्या जाळीतून आत ओढतो. उसाच्या फडाशेजारी चालणाऱ्या पंपाच्या कव्हरमध्ये म्हणूनच पाचटाचे आणि चिपाडाचे बारीक तंतू रिळाभोवती लोकरीसारखे गुंडाळलेले सापडतात. शेडमध्ये पडून असलेल्या इंजिनात दुसरा पाहुणा असतो, कुंभारीण माशी. तिचं मातीचं घर रिळाच्या कडेला अगदी सिमेंटसारखं बसतं. दोरी अर्ध्यात थबकते आणि माणूस स्प्रिंगला शिव्या देतो.

चिमट्याने तंतू काढा, मातीचं घर लाकडी काडीने फोडा. मग कव्हर उलटं धरून रिळाच्या कडेने चमचाभर डिझेल सोडा, दोरी वीस-पंचवीस वेळा आतबाहेर करा, काळं पाणी निथळू द्या, पुन्हा सोडा. तीन-चार खेपांत निथळ स्वच्छ येऊ लागली आणि दोरी चपळ झाली, तर काम झालं. रात्रभर उलटं टांगून ठेवा, दुसऱ्या दिवशी मधल्या खुंटीवर मशीन ऑइलचे दोन थेंब टाकून थेट टप्पा १० वर जा.

एक चूक सर्रास होते: अडकलेल्या रिकॉइलमध्ये वरून चाकाचं पिवळं ग्रीस ठासायचं. आठवडाभर बरं चालतं. मग त्या ग्रीसला धूळ चिकटते आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना धरून बसतात. पूर्वीच्या मालकाने हेच केलेलं असेल तर आत शिळ्या काकवीसारखा थर सापडेल. तो न उघडता निघत नाही.

४. ताण सोडणं

कव्हर टेबलावर उलटं ठेवा, रीळ तुमच्याकडे. दोरी ओढल्यावर रीळ ज्या दिशेला फिरतं त्या दिशेचा बाण मार्करने कव्हरवर काढा. नंतर हा बाणच तुम्हाला वाचवणार आहे.

दोरी हातभर बाहेर ओढा, रीळ अंगठ्याने दाबून धरा. रिळाच्या काठाला एक खाच असते. दोरीचा आतला भाग उचलून त्या खाचेत बसवा आणि खाच धरून रीळ बाणाच्या उलट दिशेने सावकाश फिरू द्या. फेरे मोजा. ताण संपेपर्यंत किती फेरे सुटले ते कव्हरवरच लिहा: दोन, अडीच, तीन, जे असेल ते. पुन्हा ताण भरताना हाच आकडा लागतो. रीळ एकदम सोडून दिलं तर ते उलट भिरभिरतं, स्प्रिंगचं आतलं टोक निसटतं आणि साधं काम अवघड होतं.

खाच नसलेल्या रिळाची दोरी पूर्ण ओढून रीळ क्लॅम्पने कव्हरला धरा, हँडलची गाठ सोडा, आणि मग रीळ हातात धरून हळूहळू उलट फिरवा.

५. पॉल

मधला स्क्रू किंवा ८-१० मिमीचा बोल्ट काढा. जुन्या काही मॉडेलांत हा उलट्या आट्याचा असतो. साध्या दिशेने सुटत नसेल तर जोर करण्याआधी आटे नीट बघा. त्याखाली एक पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची तबकडी, एक छोटी घर्षण स्प्रिंग, मग पॉल आणि त्यांच्या परतीच्या स्प्रिंगा. काढण्याआधी फोटो काढा. पॉल उलटा बसवला तरी तो खुंटीवर छान बसतो, फक्त काम करत नाही. ही फसगत फार होते.

पॉलचं टोक बघा. नवा असताना कड टोकदार असते. गोलावली असेल तर वाटीत धरत नाही, दोरी अधूनमधून रिकामी जाते आणि झटक्याने पुढे पडून हँडल दातावर येतं. कानसेने टोक सरळ करता येतं, पण जेमतेम एकदा. लोखंडी पॉल वरवर कडक केलेला असतो. तो थर गेला की महिन्यात पुन्हा गोल. त्यापेक्षा दुसरा घाला.

पॉल ज्या खुंटीवर फिरतो ती एमरीने चकचकीत करा, ऑइलचा एकच थेंब. घर्षण स्प्रिंग आणि तिची तबकडी मात्र कोरडी ठेवा. त्या घर्षणामुळेच पॉल बाहेर फाकतात. तिथे ग्रीस लावलं की पॉल हलतच नाहीत, आणि तुम्ही "सगळं साफ केलं तरी चालत नाही" म्हणून डोकं धरून बसता.

६. रीळ उचलणं

गॉगल घाला. हे वाक्य दोनदा वाचा.

रीळ सरळ वर उचलू नका. ते एका बाजूला किंचित डावं-उजवं हलवा म्हणजे स्प्रिंगचं आतलं टोक रिळातून सुटेल. रिळाखाली पातळ स्क्रू ड्रायव्हर सरकवून स्प्रिंग कव्हरमध्येच दाबून ठेवा आणि मगच रीळ दोन-तीन मिलिमीटर करून वर घ्या. स्प्रिंग कव्हरमध्ये गप्प बसून राहिली तर तिला हात लावू नका. तिथल्या तिथे डिझेल, टूथब्रश, फडकं. पातळ लिथियम ग्रीसचा किंवा साध्या इंजिन ऑइलचा बोटाने पुसलेला थर पुरे.

रिळाचं मधलं भोक आणि कव्हरची खुंटी तपासा. रीळ खुंटीवर डुलत असेल तर ते तिरपं होतं आणि दोरी काठावरून घसरते. धातूचं रीळ असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याकडून गनमेटलचा बुश घालून घ्या. खुंटी आणि रीळ दोन्ही सोबत न्या, नुसतं माप सांगू नका. प्लॅस्टिकच्या रिळाला तडा गेला असेल तर डिंक-फेविकॉल-एमसील कशानेही तो टिकत नाही, बदलाच.

स्प्रिंग गंजलेली, गाळात थिजलेली किंवा निसटलेली असेल तरच बाहेर काढा. कव्हर एका मोठ्या घमेल्यात पालथं घाला, वरून पोतं टाका आणि कव्हरच्या पाठीवर लाकडी मुठीने टकटक करा. स्प्रिंग उसळली तरी घमेल्यातच राहते.

परत भरताना बाहेरच्या टोकापासून सुरुवात. बाहेरचा आकडा कव्हरच्या खाचेत अडकवा, एक वेढा कडेला टेकवा, त्यावर अंगठा, मग कव्हर फिरवत-फिरवत वेढ्यामागे वेढा आतल्या बाजूला भरत जा. दिशा फोटोतून बघा. उलट भरलेली स्प्रिंग बसते, पण पहिल्याच ओढीला आकडा मोडते. पहिल्यांदा करणाऱ्याचा अंगठा चौथ्या-पाचव्या वेढ्याला थकतो आणि सगळं पुन्हा उसळतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुसरा माणूस बसवा: एकाने दाबायचं, एकाने भरायचं. नवी स्प्रिंग तारेने बांधलेली येते. ती तारेसकट जागेवर ठेवायची, स्क्रू ड्रायव्हरने दाबून धरायची आणि मग तार कापून ओढायची.

जुन्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची गोष्ट वेगळी. त्यात स्प्रिंग कव्हरच्या बाजूच्या फटीतून बाहेरून आत ओढली जाते आणि रीळ कव्हरच्या वाकवलेल्या पत्र्याच्या जिभांनी धरलेलं असतं. जिभा लागेल तेवढ्याच वाकवा, वारंवार वाकवल्या की तुटतात. तिथे पॉलऐवजी पोलादी गोळ्यांचा क्लच असतो. गोळ्या आणि त्यांचं घर कोरड्या फडक्याने पुसा. तेल-ग्रीस अजिबात नको, गोळ्या चिकटून राहतात.

७. स्प्रिंगचा आकडा तुटला असेल तर

नवी स्प्रिंग मिळाली तर हा टप्पा सोडून द्या. जुन्या मॉडेलची मिळत नाही तेव्हा हा इलाज आहे.

थंड स्प्रिंग पक्कडीने वाकवायला गेलात तर ती काडीसारखी मोडते, कारण तिचं पोलाद पाणी दिलेलं असतं. तुटलेलं टोक कापून सरळ करा. शेवटची दोन-अडीच सेंटिमीटर सोडून पुढच्या भागाला ओलं फडकं गुंडाळा, म्हणजे बाकीच्या पट्टीचा ताठरपणा जाणार नाही. टोक गॅसच्या ज्योतीवर लालभडक करा आणि लाल असतानाच लांब चोचीच्या पक्कडीने जुन्या आकड्याच्या मापाचा आकडा वळा. पाण्यात बुडवू नका, हवेतच थंड होऊ द्या. बुडवलं की टोक काचेसारखं ठिसूळ होतं.

पट्टी दोन-तीन सेंटिमीटर आखूड होते, तेवढं चालतं. त्याच स्प्रिंगवर तिसऱ्यांदा हा प्रयोग नको. ताण पुरत नाही आणि दोरी पूर्ण आत जात नाही.

८. दोरी

जुनी दोरी उरली असेल तर तिची जाडी आणि लांबी मोजून तंतोतंत तीच घ्या. छोट्या इंजिनांना ३ ते ४ मिमी, मध्यम जनरेटर-पंपाला ४ ते ५ मिमी, त्याहून मोठ्याला ५.५-६ मिमी अशी साधारण पद्धत आहे. जाड दोरी जास्त टिकेल हा समज मनातून काढा. ती रिळात मावत नाही, काठावर चढते आणि बरोबर तिथेच अडकते जिथून तुम्ही सुरुवात केली होती.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे विणलेली नायलॉन दोरी मागा, स्टार्टरची म्हणून. पीळ दिलेली दोरी उलगडते. कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची रस्सी घर्षणाने वितळते. सुतळी पावसात फुगते. फवारणी पंपाला सुतळी बांधलेली पाहिली की समजावं, हा पंप आता मालकाचा हात शेकणार.

लांबी कळत नसेल तर हिशेब सोपा आहे. समजा रिळावर दोरीच्या वेढ्याचा व्यास सरासरी ८ सेंमी. म्हणजे एक फेरा सुमारे २५ सेंमी. दोरी दीड मीटर असेल तर सहा फेरे. स्प्रिंग बसवल्यावर रीळ पूर्ण ताठ होईपर्यंत किती फेरे फिरतं ते आधी दोरीशिवाय मोजा. समजा नऊ. त्यातले दोन आधीचा ताण, सहा दोरीचे, एक शिल्लक. हा शिल्लक एक सोडायचा नाही. दोरी दोन मीटर घातली तर आठ फेरे लागतात, आधीच्या ताणासकट दहा. स्प्रिंग नऊलाच संपते, आणि पूर्ण ताकदीने ओढलेली दोरी थेट स्प्रिंगच्या आकड्यावर हिसका मारते. आकडे तुटतात ते बहुधा असे.

दोन्ही टोकं काडीने वितळवा, ओल्या फडक्याने दाबून टोकदार करा. उघड्या बोटांनी नको, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं. रिळाच्या बाजूला साधी गाठ, आवळून, शेपूट एक सेंमी. शेपूट लांब ठेवलं तर ते कव्हरला घासतं. हँडलच्या बाजूला आठाच्या आकड्याची गाठ घाला, ती सुटत नाही.

दोरी बाहेर पडते ते कव्हरचं भोकही बघा. त्यात कापसाचा बोळा गोल फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे कंगोरा आहे. गोल कानस, मग एमरी. हे न केल्यास नवी दोरी एका हंगामात तिथेच झिजते.

९. ताण भरणं

रीळ खुंटीवर ठेवा, किंचित फिरवून आतला आकडा पकडलाय याची खात्री करा. बाणाच्या दिशेने फिरवल्यावर स्प्रिंगचा विरोध जाणवला पाहिजे. मधला स्क्रू, पॉल, तबकडी बसवा. स्क्रूला लॉकटाइटचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब, आणि आवळणं बेताचं. ॲल्युमिनियमचे आटे घसरले तर पुढे मोठी डोकेदुखी.

फेऱ्यांचा आकडा लिहिलेला असेल तर: दोरी रिळावर गुंडाळा, वीतभर टोक खाचेतून बाहेर ठेवा, बाणाच्या दिशेने तेवढे फेरे द्या, रीळ क्लॅम्पने धरा, दोरी भोकातून बाहेर काढून हँडल बांधा, क्लॅम्प सोडून हळूहळू आत जाऊ द्या.

आकडा माहीत नसेल तर दुसरी रीत, आणि खरं तर ही जास्त भरवशाची: दोरी न घालता रीळ बाणाच्या दिशेने पूर्ण ताठ होईपर्यंत फिरवा. मग एक फेरा मागे या, आणि रिळातलं दोरीचं भोक कव्हरच्या भोकासमोर येईल तिथे थांबून क्लॅम्प लावा. बाहेरून दोरी ओवा, रिळात गाठ मारा, दुसऱ्या टोकाला हँडल. दोरी घट्ट धरून क्लॅम्प काढा आणि स्प्रिंगलाच ती आत गुंडाळू द्या.

आता परीक्षा. दोरी पूर्ण बाहेर ओढा आणि तिथे रीळ बोटाने आणखी पुढे फिरवून बघा. निदान अर्धा फेरा जायला हवा. जात नसेल तर ताण जास्त झालाय, एक फेरा कमी करा. दोरी आत सोडल्यावर हँडल कव्हरला टेकलं पाहिजे, लोंबकळता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकत्र साधत नसतील तर दोरी लांब आहे.

१०. कव्हर परत बसवणं

सगळे बोल्ट नुसते हाताने लावा, आवळू नका. दोरी हळूच ओढा, पॉल वाटीत अडकेपर्यंत. दोरीवर तसाच हलका ताण ठेवून दुसऱ्या हाताने बोल्ट समोरासमोर एकेक करून आवळा. यामुळे कव्हर आपोआप फ्लायव्हीलच्या केंद्रात येतं. थेट आवळलेलं कव्हर दीड-दोन मिलिमीटर बाजूला राहिलं तरी एकच पॉल ओझं घेतो आणि करकर सुरू होते. कव्हर पडून पोचलेलं असेल तर आधी लाकडावर ठेवून हातोडीने पोचा काढा.

मग प्लग बसवा, कॅप लावा, कॉक उघडा. आधी दोरी विरोध लागेपर्यंत सावकाश ओढा, परत आत जाऊ द्या, आणि मग एका दमात ओढा. थेट हिसका मारला की पॉल वाटीवर आदळतो, टोकं गोलावतात. हँडल कधीही मोकळं सोडू नका, हाताने आत पोचवा.

पुरात बुडालेलं इंजिन

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर शिरोळ-करवीर भागात कित्येक पंप आणि जनरेटर पंचगंगेच्या गाळातून वर काढावे लागले. अशा इंजिनाची दोरी ओढून बघण्याचा मोह आवरा. प्लग काढल्याशिवाय एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर वर सांगितलेला रॉड वाकण्याचा धोका इथे पुरेपूर आहे.

आधी ऑइलचा बोल्ट काढून पाणीमिश्रित ऑइल सोडून द्या, टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करा, मग प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. स्टार्टरचं कव्हर बाजूला काढून, वाळायच्या आत, पाण्याच्या पाइपने धुवा. नदीचा गाळ ओला असताना पाण्याबरोबर जातो. वाळला की स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये विटेसारखा घट्ट होतो आणि मग स्प्रिंग काढण्याला पर्याय राहत नाही. धुतल्यावर लगेच डिझेलने भिजवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वेढ्यांवर तांबूस गंज चढलेला दिसेल. दोरी मात्र बदलाच. गाळाचे कण नायलॉनच्या विणीत बसतात आणि आतून कानसेसारखं काम करतात.

दोरी लवकर का झिजते

रॉकेलवर चालणाऱ्या पंपात याचं उत्तर बहुधा कार्ब्युरेटरच्या वाटीत असतं. इंजिन रॉकेलवरच बंद केलं की वाटीत रॉकेल राहतं, आणि थंड इंजिन रॉकेलवर सुरू होत नाही. मग वीस-पंचवीस वेळा दोरी. बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं पेट्रोलवर आणा, दुसऱ्या दिवशी दोन-तीन ओढींत काम होतं. जनरेटरच्या बाबतीत शिळं पेट्रोल आणि काळवंडलेला प्लग हेच करतात.

पावसाळ्याआधी ठेवताना दोरी विरोध लागेपर्यंत ओढून तिथे थांबवा. व्हॉल्व्ह मिटलेले राहतात, ओल आत शिरत नाही. कव्हरच्या जाळीवर जुन्या साडीचा तुकडा बांधा, म्हणजे कुंभारिणीला दुसरं घर शोधावं लागेल. सुरू करण्याआधी तो तुकडा आठवणीने काढा, नाहीतर इंजिन तापून बसेल.